खळग्याची चतुःसीमा

मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाइन आणि व्यापारचिन्हे,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई



शाळेत रिसेस म्हणजे मधली सुट्टी. आमच्या धंद्यात रिसेस म्हणजे मालातली मधली सुट्टी: जिथं धातू किंवा प्लास्टिक मुद्दाम ठेवलेलं नाही, ती जागा. वैद्यकीय उपकरणांच्या पेटंट-अर्जांत हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. लिहिणाऱ्याचीही घसरते. मी लिहिणाऱ्यांपैकी आहे. पेटंट एजंट म्हणून डॉक्टरांची आणि छोट्या कारखानदारांची स्पेसिफिकेशनं लिहून देतो. म्हणून हे पत्र तक्रारीचं नाही. अर्धं कबुलीजबाब आहे आणि अर्धं विनंती.

एजंट होण्याआधी मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये डिझाइनचं काम करत होतो. तिथं ड्रॉइंगवर नुसता खळगा काढून दिला तर मिलिंगवरचा माणूस कागद परत आणून टेबलावर ठेवायचा. आतल्या कोपऱ्याला रेडियस किती? भिंत सरळ की टेपर? तोंडाला चॅम्फर मारायचा का? टॉलरन्स कोण सांगणार? तो काही हट्टी नव्हता. एंड मिल गोल फिरतो, त्याला दोन भिंतींमधला कोपरा टोकदार कापताच येत नाही. त्यामुळं रेडियस सांगितल्याशिवाय त्याचं काम सुरूच होत नसे. मी सांगितला नाही तर हातात असेल त्या कटरचा रेडियस तिथं येणार, आणि मग बसवायच्या वेळी भांडण.

पेटंटच्या कामात आलो आणि पहिला धक्का बसला तो नियमावलीचा. २००३ च्या पेटंट नियमांतला पंधरावा नियम सांगतो की आकृत्या पुरेशा मोठ्या असाव्यात, पण त्यांवर मापं घालू नयेत. कारण पटण्यासारखं आहे. शोध म्हणजे एका मापाची वस्तू नव्हे, तो त्यामागचा विचार असतो. पण टूलरूममध्ये जे काम पाच आकडे मिळून करायचे ते इथं एका विशेषणाच्या डोक्यावर येतं. 'गोलाकार', 'निमुळता', 'साधारण सपाट'. मिलिंगवरच्या त्या माणसानं हे कागद माझ्या अंगावर फेकले असते.

आपल्याकडे हे ओझं अमेरिकेपेक्षा जड आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(आय) शस्त्रक्रियेच्या रीतीला पेटंट देत नाही, आणि ते योग्यच आहे. सर्जनच्या हाताची हालचाल कुणाच्या मालकीची असू नये. मात्र त्यामुळं सर्जननं शोधलेल्या गोष्टीतली रीत गळून पडते आणि वस्तू तेवढी उरते. वस्तूत नवं काय असेल तर ते बहुधा आत असतं. डिझाइनचा कायदा आपल्याच अखत्यारीतला. तो डोळ्याला दिसणाऱ्या आणि भावणाऱ्या रूपाला संरक्षण देतो. हाडात गाडलेल्या स्क्रूच्या पोटातली पोकळी कोण डोळे भरून पाहणार? म्हणजे राहिला क्लेम, पेटंटाची हद्द आखणारं वाक्य, आणि क्लेममधला एक शब्द.

त्या शब्दाची किंमत किती होऊ शकते याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, मणक्याच्या स्क्रूचं. ते जरा सविस्तर सांगतो.

कमजोर झालेल्या पाठीच्या कण्याला आधार द्यायला बाजूनं सळया बसवतात. मणक्यांत घुसवलेले स्क्रू त्या सळयांना धरून ठेवतात. अडचण अशी की स्क्रू ज्या कोनात हाडात जातो त्या कोनात सळई समोर येईलच असं नाही. जर्मन सर्जन युर्गेन हार्म्स आणि उत्पादक लुट्झ बीडरमान यांना १९९३ मध्ये अमेरिकेत एका स्क्रूचं पेटंट मिळालं. त्यात स्क्रूचं डोकं चेंडूसारखं आहे आणि ते एका वेगळ्या कपात बसतं. कप हवा तसा कलतो, सळई त्याच्या खाचेत येते, वरून दाब दिला की सगळं जागच्या जागी घट्ट. सर्जन मंडळी या कपाला ट्युलिप म्हणतात. ऑपरेशन थिएटरमध्ये एवढा नाजूक शब्द कसा शिरला कोण जाणे.

आता क्लेम पाहा. कपाच्या आत, खालच्या भोकाकडे, स्क्रूचं डोकं बसण्यासाठी एक पोकळ गोलाकार भाग असेल. शाळेच्या पुस्तकात खांद्याचा आणि खुब्याचा सांधा आपण ज्या नावानं शिकलो, तोच हा उखळीचा सांधा.

मेडट्रॉनिक कंपनीच्या व्हर्टेक्स या स्क्रूमध्ये ही आतली जागा गोल नव्हती, शंकूसारखी होती. चेंडू वाटीत बसवला तर तो अंगभर टेकतो. तोच चेंडू नरसाळ्यात टाकला तर एका कड्यावर टेकतो. फरक आहेच. पण मणक्यात बसल्यावर दोन्ही कप कलतात आणि दाबल्यावर दोन्ही घट्ट होतात. डिप्यू स्पाइन ही कंपनी आणि बीडरमान यांची कंपनी मेडट्रॉनिकविरुद्ध कोर्टात गेल्या. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टानं म्हटलं, शंकू म्हणजे गोल नव्हे, शंकूलाही गोल म्हणायचं तर क्लेममधल्या शब्दाला अर्थच उरत नाही. २००६ मध्ये वरच्या कोर्टानं ते फिरवलं: हे दोन आकार एकमेकांच्या तोडीचे आहेत का, हा ज्यूरीनं ठरवायचा प्रश्न आहे. ज्यूरीनं 'आहेत' म्हटलं. २००९ मध्ये वरच्या कोर्टानं तो कौल कायम केला. स्क्रूंच्या बुडालेल्या नफ्यापोटी १४ कोटी ९१ लाख डॉलर मंजूर झाले. त्या स्क्रूंबरोबर विकल्या गेलेल्या, पेटंट नसलेल्या मालापोटी ज्यूरीनं दिलेले ७ कोटी ७२ लाख मात्र रद्द झाले.

या निकालातला एक भाग मी नव्या ड्राफ्टिंग करणाऱ्या मुलांना नेहमी वाचायला देतो. तोडीचा आकार मान्य करायचा तर आधी पाहावं लागतं की त्यामुळं जुनंच काहीतरी पेटंटच्या कुंपणात येत नाही ना. त्यासाठी कोर्टापुढं एक काल्पनिक क्लेम मांडला जातो, ज्यात गोल आकाराबरोबर शंकूही सामावतो. तो क्लेम मूळ अर्जाच्या वेळी मिळाला असता का, हे मग तपासतात. आधीच्या एका पेटंटात स्क्रूचं डोकं आणि कप यांच्यात मुद्दाम थोडी हालचाल ठेवली होती, धक्के शोषले जावेत म्हणून. हार्म्स-बीडरमान यांना नेमकं उलट हवं होतं, पक्का ताठ सांधा. त्यामुळं जुनं पेटंट आड आलं नाही. पण विचार करा, पेटंट देताना जे वाक्य कागदावर यायला हवं होतं ते कित्येक वर्षांनी, वकिलांच्या तासांच्या दरानं, कोर्टात लिहिलं गेलं.

माझं मत विचाराल तर निकाल बरोबर होता आणि क्लेम चूक होता. 'गोलाकार' हा शोधकानं बनवलेल्या नमुन्याचा आकार होता. शोध वेगळाच होता: अशी बैठक, जिच्यात चेंडू दाबण्याआधी हवा तसा फिरतो आणि दाबल्यावर तसूभर हलत नाही.

दुसऱ्याच्या चुका दाखवणं सोपं असतं, म्हणून माझी सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावचे एक ऑर्थोपेडिक सर्जन माझ्याकडे आले. खांद्याजवळच्या हाडाचं फ्रॅक्चर जोडायची प्लेट त्यांनी सुधारली होती. प्लेट हाडावर स्क्रूनं आवळली गेली की तिच्या भोकांतून टाक्याची सुई घालणं अवघड होतं. त्यांनी प्लेटच्या खालच्या अंगाला, भोकांच्या काठाशी, थोडा माल काढून टाकला होता. मी नमुना हातात घेतला, कडेनं पाहिलं आणि लिहिलं, 'अर्धगोल रिसेस'. का, तर नमुना गोल नाकाच्या कटरनं केलेला होता. म्हणजे मी शोधाचा आकार लिहिला नाही, कटरचा लिहिला. टूलरूममधून आलेल्या माणसानं ही चूक करावी!

पुढं उत्पादनात गेल्यावर कारखान्यानं ती जागा सपाट तळाची आणि उताराच्या भिंतीची केली, कारण तशी करणं स्वस्त होतं. सुई पूर्वीइतकीच सहज जात होती. फक्त आमचीच प्लेट आमच्याच क्लेमच्या बाहेर पडली. दुरुस्तीचा रस्ता कलम ५९ नं बंद केलेला. क्लेम आकुंचित करता येतो, खुलासा करता येतो, पण सुधारलेला क्लेम मूळ क्लेमच्या हद्दीतच राहावा लागतो. 'अर्धगोल' लिहिल्यावर 'सपाट तळाचा' आत कसा घेणार? डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहो, मी तुम्हाला खाच कधी म्हणालोच नव्हतो. मी म्हटलं होतं, सुईला वाट ठेवायचीय."

ते वाक्य माझ्या त्या दिवशीच्या वहीत होतं. शब्दशः. मीच त्याचं 'रिसेस' केलं होतं.

तेव्हापासून पहिली बैठक मी मराठीत करतो आणि शब्द सापडेपर्यंत लॅपटॉप उघडत नाही. आपल्याकडे अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो, आणि मराठीत घ्या अशी मागणी मी या पत्रात करत नाही. पण नसलेल्या मालासाठी मराठीत जे शब्द आहेत ते मला कामाचे वाटतात, कारण बहुतेक शब्द त्या जागेचं काम सांगूनच येतात. पन्हळीतून काहीतरी वाहतं. खोबणीत दुसरा तुकडा सरकतो किंवा अडकतो. उखळात मुसळ येऊन पडतं. कोनाड्यात वस्तू ठेवतात आणि उचलतात. कानाच्या वेजातून काहीतरी आरपार जातं. कोंदणाचा आकार तर सोनारही ठरवत नाही, खडा ठरवतो. खळगा तेवढा बिनकामाचा, रस्त्यात असतो तसा. आणि आम्ही ड्राफ्टिंग करणारे नेमका तोच शब्द उचलतो.

इंग्रजीत चॅनेल, सॉकेट, सीट, स्लॉट हे शब्द नाहीत असं थोडंच आहे? आम्ही 'रिसेस' लिहितो ते हद्द मोठी राहावी म्हणून. अर्ज देताना शब्द जितका पोकळ तितका बरा, पुढं अडलं तर बघू. आणि अडलं की घाबरून एकदम नमुन्याचा आकार लिहून मोकळे होतो. आधी समुद्र, मग वाटी. मधला, खरा आकार दोन्ही वेळा निसटतो.

जुन्या काळातला एक माणूस मात्र हे काम नीट करून गेला. कॅनडाचे पी. एल. रॉबर्टसन, चौकोनी खळग्याच्या स्क्रूचे जनक, पेटंट १९०९ चं. त्यांनी स्क्रूच्या डोक्यातल्या खळग्याचं तोंड, भिंती आणि तळ वेगवेगळे सांगितले: तोंडाच्या कडा मारलेल्या, भिंती आत किंचित निमुळत्या, तळ पिरॅमिडसारखा. शिवाय कारण दिलं. असा पंच थंड धातूत मारला की धातू बाजूंना सरकतो, पंचापुढं रेटला जाऊन डोकं कमजोर होत नाही. आकार आणि आकाराचं कारण एकाच ठिकाणी. हाडांच्या स्क्रूंच्या डोक्यात आज षटकोनी किंवा सहा पाकळ्यांचे खळगे असतात. साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूला साडेतीन मिलिमीटरचा षटकोनी ड्रायव्हर लागतो. त्या खळग्यात कायमचं कुणी राहत नाही, ड्रायव्हर पाहुण्यासारखा येतो आणि जातो. पण काही वर्षांनी स्क्रू काढायची वेळ आली आणि कडा घासलेल्या निघाल्या, तर त्या पाहुण्याला धरायला काही उरत नाही आणि सर्जनला घाम फुटतो. अशा खळग्याचं वर्णन ड्रायव्हरच्या उल्लेखाशिवाय करायचं म्हणजे कुलपाचं वर्णन किल्लीशिवाय करायचं.

परदेशी कोर्टंही फिरून फिरून इथंच येतात असं दिसतं. व्यायामाच्या यंत्रावर हृदयाचे ठोके मोजणाऱ्या उपकरणात दोन इलेक्ट्रोड 'एकमेकांपासून अंतरावर' असतील, एवढंच क्लेममध्ये होतं. किती अंतर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं की त्या विषयातल्या जाणकाराला हद्द वाजवी खात्रीनं कळली पाहिजे, आणि प्रकरण परत पाठवलं. खालच्या कोर्टानं मग अंतर कामावरून ठरवलं: तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त नाही, दोन इलेक्ट्रोड एक होतील इतकं कमी नाही, आणि स्नायूंचे संकेत एकमेकांना खोडून काढतील असं. क्लेम टिकला. इंग्लंडमध्ये चौकटीवरच्या पोलादी लिंटेलच्या कॅटनिक खटल्यात पाठची पट्टी 'उभी' असायला हवी होती. प्रतिस्पर्ध्यानं ती सहा-आठ अंश कलती केली, आणि लॉर्ड डिपलॉक यांनी गवंड्याच्या नजरेनं ती उभीच धरली.

आपल्याकडे तर याचा पाया कधीच घातला गेला आहे, आणि तोही भांड्यांच्या धंद्यात. लेथवर भांडी धरायच्या साधनाचा मिर्झापूरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं १९७८ मध्ये सांगितलं की आधी वर्णन वाचा, मग क्लेम, म्हणजे शोध काय आहे ते मनात उभं राहील. हे ठीक. पण वर्णनातही 'रिसेस'च असेल तर मनात काय उभं राहणार?

आता विनंती.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीरस्ता. क्षेत्र आकड्यात असतंच, पण शेत ओळखलं जातं ते शेजाऱ्यांवरून. खळग्यालाही हेच लावा. क्लेममध्ये 'रिसेस' आणि त्याच्या जोडीला आकाराचं एखादं विशेषण दिसलं की आपल्या एक्झामिनरनी आम्हाला विचारावं: यात काय बसतं, काय सरकतं किंवा काय आरपार जातं? ते कुठल्या पृष्ठावर टेकतं आणि कुठं मोकळं राहतं? हा आकार किती बदलला तर काम थांबेल? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शोधकाला त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी माहीत असतं आणि एजंटानं ते विचारलेलं नसतं. कायद्याचा आधार वेगळा शोधायला नको. क्लेम स्पष्ट आणि संक्षिप्त असावा, वर्णनावर आधारलेला असावा, हे कलम १०(५) सांगतंच. हद्द पुरेशी स्पष्ट नसेल तर कलम ६४ खाली पेटंट रद्दही होऊ शकतं. पण ती वेळ येईपर्यंत पाच-दहा वर्षं गेलेली असतात.

एक भीतीही सांगून ठेवतो. या पत्राचा अर्थ 'मिलिमीटर मागा' असा होऊ देऊ नका. प्रत्येक खळग्याचं माप क्लेममध्ये घालायला लावलं तर शेजारचा कारखानदार दशांश मिलिमीटरनं सरकून मोकळा होईल आणि डॉक्टरांच्या हाती नुसतं प्रमाणपत्र राहील. उलट, हद्द धूसर राहिली तर त्याच कारखानदाराला स्वस्तातली प्लेट प्रामाणिकपणे, कुणाचा बांध न कोरता, बनवता येणार नाही. त्याला प्रकाशित झालेलं पेटंट वाचून कळलं पाहिजे की आपला नांगर कुठं थांबवायचा. आकृतीवर मापं नकोत हा नियम राहू द्या. पण ज्या खळग्यावर क्लेम उभा आहे त्याची एक उभी छेदाकृती, त्यात बसणाऱ्या वस्तूसकट, मागायला काय हरकत आहे? वाटी की नरसाळं, हे छेदाकृतीत शाळकरी पोरालाही दिसतं.

आपल्या कार्यालयानं २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी आणि २०१४ मध्ये औषधांसाठी परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. संगणकाशी संबंधित शोधांसाठीही काढली. वैद्यकीय उपकरणांसाठी अशीच काढा, आणि त्यात एक पान मालात नसलेल्या जागांना द्या.

मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवाल तेव्हा पहिलं पाकीट माझं असेल. त्यात त्या खांद्याच्या प्लेटची छेदाकृती असेल, भोकातून निघालेल्या सुईसकट. नियमाप्रमाणं मापांशिवाय.

आपला नम्र,
एक पेटंट एजंट, पुणे